सटवाजी रंगाऱ्याचं निशाण

थोरलीच्या लग्नात स्वागताचा फलक मी स्वतः रंगवला. रंगवायला माणूस मिळत नव्हता असं नाही. पण पंचवीस वर्षं फळ्यावर खडू घासलेल्या माणसाला आपलं अक्षर सुरेख आहे असा एक कायमचा भ्रम असतो. घरातला जुना पाट घेतला, त्याला झकास पिवळा ऑइलपेंट दिला आणि त्यावर पांढऱ्या रंगात 'सुस्वागतम्' काढलं. जवळून बघताना डोळे निवत होते. मग पाटाला दोरी बांधून तो गल्लीच्या तोंडाशी लिंबाला टांगला.

सकाळी नवाच्या सुमारास सेलूकडून वऱ्हाडाची मोटार आली, फलकासमोरून गेली आणि तशीच गावाबाहेर निघाली. मी फलकाखाली हार घेऊन उभा होतो. अंगात पांढरा सदरा, गळ्यात पिवळं उपरणं. त्यामुळे मीही त्या फलकाचाच भाग वाटलो असेन.

मोटार कशी परत आली ते शेवटी सांगतो. तिची धूळ खात उभा असताना मला मात्र सटवाजी रंगाऱ्याचा आवाज आल्यासारखा वाटला. कपाळाला हात लावून तो म्हणाला असता, "मास्तर, उजळावर उजळ?"

वालूरला माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा निजामाचं राज्य होतं. शाळा उर्दूत, मुलं मराठीत आणि मी दोन्हींच्या मधे लोंबकळत. सटवाजीचं घर शाळेच्या मागच्या बाजूला. अंगणात जमिनीत पुरलेले चार रांजण, वर दोऱ्यांवर वाळत घातलेले फेटे आणि लुगडी. गावात काय चाललंय ते त्याच्या हातांवरून कळायचं. कोपरापर्यंत लाल हात दिसले की कुठंतरी लग्न ठरलंय. हिरवे दिसले की कुणाच्या तरी सुनेची ओटी भरायचीय. दोन्ही हात दोन रंगांचे असले, तर सटवाजी घाईत आहे आणि त्याच्याशी बोलायला जायचं नाही.

एक खोड त्याला भारी होती. कापड रंगवून दोरीवर टाकलं की तो त्याच्याकडे तोंड करून मागं मागं चालायला लागायचा. मोजून शंभर पावलं. तिथून रंग बोलला तर बोलला, नाही तर कापड पुन्हा रांजणात. या उलट्या चालण्यात तो कितीदा म्हशीला धडकला याची गणती नाही. एकदा तर चावडीच्या ओट्यावर बसलेल्या पटवाऱ्याच्या मांडीवरच जाऊन बसला. पटवारी ओरडला तर हा वर बघून म्हणतो, "दम धरा मालक, अजून चार पावलं ऱ्हायलीत."

हे खूळ त्याला एका जर्मन साहेबानं लावलं होतं.

मी वालूरला यायच्या आधीची ही गोष्ट. पण सटवाजीनं ती मला इतक्यांदा सांगितली, की त्या साहेबाला आंबील मीच पाजली असं मला वाटायला लागलंय. रंगाचे डबे त्या काळी जर्मनीहून यायचे. त्या डब्यांचा एक विक्रेता साहेब हैदराबादच्या मुनीमाला दुभाषी घेऊन गावोगाव हिंडायचा. वालूरला आला आणि थंडीतापानं आडवा झाला. चार दिवस तो सटवाजीच्या ओसरीवर घोंगडीत गुंडाळून पडला होता. जाताना पैसे देऊ लागला. सटवाजीनं घेतले नाहीत. तेव्हा साहेबानं आपल्या पेटीतलं एक बाड काढून त्याला दिलं.

पुठ्ठ्याच्या त्या बाडात पानापानांवर रंगीत ढालींची चित्रं चिकटवलेली होती. साहेबाच्या मुलखात कॉफीच्या पुड्याबरोबर असं एकेक चित्र मिळायचं. साहेबाच्या बायकोनं काही वर्षं दणकून कॉफी पिऊन ते बाड भरलं होतं. कुठं काळा सिंह, कुठं किल्ली, कुठं गाडीचं चाक, नदीच्या जागी नागमोडी पट्टे, नांगराचा फाळ, गव्हाची ओंबी. खाली नावं, पण ती अक्षरं अशी काटेरी की इंग्रजी येणाऱ्या माझ्यासारख्यालाही बोराटीत शिरल्यासारखं व्हायचं.

"राजेरजवाड्यांची निशाणं दिसतात," मी पहिल्यांदा बाड चाळताना शहाणपणा केला.

"राजा कुटला, मास्तर! तालुके हायेत हे. आपल्या तालुक्यावानी. गाया, मेंढरं, बटाटे. आन् दर तालुक्याला आपली ढाल, आपला झेंडा. कचेरीवर लावत्यात म्हनं. आपल्याला काय हाय?"

"आपल्याला पटवारी आहे," मी म्हणालो.

तो हसला नाही. या एका बाबतीत त्याला थट्टा चालत नसे. मेंढरं राखणाऱ्या मुलखाला निशाण असतं आणि वालूरला नसावं, हे त्याच्या मनाला लागलं होतं. मरायच्या आधी वालूरचं निशाण चावडीवर लागलेलं बघायचं, एवढी एकच इच्छा तो बोलून दाखवायचा. त्याची बायको म्हणायची, "तो गोरा पाव्हना गेला म्हनत्यात समदे. ह्यांच्या टकुऱ्यातून कुटं गेलाय?"

जाण्याआधी साहेबानं त्याला निशाणांचा एक कायदा शिकवला होता. पिवळा आणि पांढरा हे उजळ रंग. लाल, निळा, हिरवा, काळा हे गडद. उजळावर उजळ ठेवायचा नाही, गडदावर गडद ठेवायचा नाही. लांबून ओळखू येत नाही ते निशाण नव्हे, चिंधी. हा कायदा सटवाजीनं कापडापुरता ठेवला नाही. दोन तापट भागीदारांनी दुकान टाकलं की तो म्हणायचा, "गडदावर गडद. दिवाळी बघत न्हाई हे दुकान." आणि दुकान खरोखरच दसऱ्याला बंद पडायचं.

माझं लग्नही त्यानं याच कायद्यात बसवलं. हिचे वडील ताडकळसहून त्याच्याकडे फेटे रंगवायला देत. मुलीला स्थळ बघतोय म्हणाले, तर सटवाजीनं फेटा पिळता पिळता विचारलं, "पोरगी कशी हाय?" ते म्हणाले, "गुणाची हाय, पर बोलायला लागली की शेजारच्या गावाला ऐकू जातंय." सटवाजी म्हणाला, "मंग आमचे मास्तर बघा. बोलायलेत का गप हायेत ते समोर बसूनबी कळत न्हाई. उजळावर गडद, लय खुलंल." एवढ्या शिफारशीवर माझं लग्न झालं.

बाडातल्या ढाली त्यानं गावातल्या बैलगाड्यांवर काढायला सुरुवात केली. माणूस बघून ढाल. मेंढरंवाल्या बिराजीच्या गाडीवर शिंगं वळलेला मेंढा आला. सावकाराला सिंह पाहिजे होता, त्याला सटवाजीनं किल्ली काढून दिली. एका गाडीवर अर्धाच गरुड होता. एक पंख, एक पाय, अर्धी चोच. गाडीवाला भडकला. "बाकीचा अर्धा कुटं गेला?" सटवाजी शांतपणे म्हणाला, "बाकीचा भावाच्या गाडीवर हाय. साहेबाच्या मुलखातबी वाटण्या झाल्या की गरुड असाच मधून चिरत्यात." त्या दोघा भावांची शेताची वाटणी त्याच उन्हाळ्यात झाली होती. पुढं वर्षभर दोन्ही गाड्या बाजारात एकमेकींपासून लांब उभ्या राहायच्या, आणि पोळ्याला एकदा शेजारी शेजारी लागल्या तेव्हा गरुड पुरा झाला.

माझ्या दारावर त्यानं धावणारा ससा काढला. मी खूश. चपळपणा, तल्लख बुद्धी वगैरे अर्थ मी स्वतःच लावून घेतले. ही म्हणाली, "ससा धावायलाय न्हाई, पळायलाय." तेव्हा मला राग आला होता.

वालूरच्या निशाणावर काय असावं, यासाठी सटवाजीनं चावडीपुढं बैठक भरवली. कुणब्यांचं म्हणणं ज्वारीचं कणीस. बिराजी म्हणाला मेंढा. दुकानदारांना तागडी पाहिजे होती. तासाभराच्या कालव्यानंतर सटवाजी म्हणाला, "बारव." आमच्या गावात जुनी बारव आहे. तिच्या पायऱ्या गोल गोल फिरत खाली पाण्याकडे जातात. अशी बारव आसपासच्या मुलखात नाही. "कणीस कुणब्याचं, मेंढा बिराजीचा. पानी समद्यांचं."

चावडीच्या पायऱ्यांच्या खाली, लांब उभा असलेला मांगवाड्यातला एक म्हातारा बोलला, "समद्यांचं कवा झालं, रंगारी?"

सटवाजीनं मान खाली घातली. मग म्हणाला, "न्हाई झालं. आदी निशाणावर तर करू. रोज डोळ्यांपुढं ऱ्हायलं तर लाज वाटंल कवातरी." त्या लाजेला पुढं बरीच वर्षं लागली, पण तो प्रश्न आणि ते उत्तर मी विसरलेलो नाही.

त्यानं सागवानी फळीवर ढाल काढली. गडद हिरव्या रंगावर बारवेचं पांढरं गोल, त्यात फिरत जाणाऱ्या पायऱ्या, दोन अंगांना दोन पिवळी कणसं. मलाही शंभर पावलं मागं चालत नेऊन ती दाखवली. खरंच बोलत होती. झेंड्याच्या कापडासाठी त्यानं पक्क्या हिरव्याचा एक सीलबंद डबा बाजूला काढून ठेवला. तेवढ्यात तिकडं लढाई पेटली आणि जर्मन डबे यायचे बंद झाले. त्या हिरव्याला मग त्यानं हात लावला नाही. "हे गावाचं," म्हणायचा आणि गिऱ्हाईक परत पाठवायचा.

आणि अशातच त्याच्या हातून ती चूक झाली. ती त्याच्याच हातून होऊ शकत होती.

सरकारच्या सालगिरहला, म्हणजे निजामाच्या वाढदिवसाला, चावडीवर त्याचा झेंडा लागायचा. पिवळं कापड आणि मधोमध पांढरी गोल भाकरी. तिला कुलचा म्हणत. झेंडा उन्हानं विटला होता. पटवाऱ्यानं तो उजळून द्यायला सटवाजीकडे दिला. सटवाजीनं पिवळा दिला, पांढरा धुतला, झेंडा दोरीवर टाकला आणि शंभर पावलं मागं गेला. कुलचा दिसेना. पिवळ्यावर पांढरा! इतक्या मोठ्या सरकारला हे कुणी सांगितलं नसेल याचं त्याला वाईट वाटलं. त्यानं मायेनं कुलच्याभोवती बोटभर निळा काठ ओढला.

सालगिरहला झेंडा चढला. सगळं गाव बघत होतं. पहिल्यांदाच कुलचा पार वेशीपासून दिसला, आणि पटवाऱ्याचा चेहरा कुलच्यासारखा पांढरा पडला. तिसऱ्या दिवशी घोड्यावरून अमीनसाहेब आले. अमीन म्हणजे पोलीसखात्यातला मोठा अंमलदार, कमरेला पट्टा आणि आवाजात चाबूक.

त्यांच्या घोड्याच्या टापा ऐकल्या त्याच वेळी सटवाजीनं मागच्या दारानं येऊन वालूरची ढाल माझ्या हातात दिली होती. "मास्तर, एवढी संभाळा. बाड काय, पाठ हाय मला. ही गेली तर पुन्हा जमायची न्हाई." मी हो म्हणालो. तो गेला, आणि मग मला कळलं मी काय हातात घेतलंय. सरकारच्या झेंड्याची छेड आणि त्यात आणखी एक बिनसरकारी निशाण माझ्या घरात! भिंतीला द्यायला कालवलेला चुना ओसरीवर होता. मी ढालीवर चुन्याचे दोन हात फिरवले. घाबरलेला माणूस नीटनेटका असतो. एक कोपराही सोडला नाही. मग फळी पालथी घालून तिच्यावर बसलो आणि जेवायला लागलो. दुपारचे तीन वाजले होते. ही म्हणाली, "आत्ताच जेवलाव की." मी म्हणालो, "वाढ." त्याआधी दारावरच्या सशालाही चुना देऊन झाला होता.

तिकडं चावडीवर अमीनसाहेबांनी झेंडा पुढं टाकला. "क्यों रे, सरकार के कुलचे कू किनार लगाता?"

सटवाजी हात जोडून म्हणाला, "साहेब, लांबून दिसत नव्हता. तुमीच बघा. माज्यासंगं शंभर पावलं मागं चला."

लोकांना वाटलं, आता फटके. पण अमीनसाहेबांनाही काय वाटलं कोण जाणे, ते उठले. अख्ख्या गावासमोर एक रंगारी आणि एक अमीन उलटे चालत निघाले. सत्तर पावलांवर दोघंही बिराजीच्या मेंढरांत बसले. अमीनसाहेबांनी उठून कपडे झाडले, झेंड्याकडे डोळे बारीक करून बघितलं आणि पुटपुटले, "दिखता तो अच्छा है." मग आवाज चढवून म्हणाले, "मगर सरकार का परचम है, तेरी जोरू का लुगडा नहीं! धो के ला!"

काठ धुतला गेला. सटवाजी सुटला, पण बाड गेलं. शत्रूच्या मुलखाचं पुस्तक, चौकशीसाठी जप्त. ते परत आलं नाही. दोन वर्षांनी मी परभणीला गेलो होतो, तर अमीनसाहेबांच्या टांग्यावर निळ्या जिभेचा काळा सिंह काढलेला. सटवाजीला सांगितलं. त्यानं पहिली गोष्ट विचारली, "कशावर काढलाय? पिवळ्यावर का?" मी हो म्हणालो. "मंग शिकला गडी," तो म्हणाला.

ढाल त्यानं परत मागितली नाही. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, बखत आला की काढू." मी मान हलवायचो. बखत येऊ नये अशी प्रार्थना करायचो.

बखत आला तो अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात. रझाकारांच्या धास्तीनं वर्षभर दिवेलागणीलाच दारं लावणारं गाव पोलीस अॅक्शननंतर एकदम मोकळं झालं. सटवाजी दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या दारात. "मास्तर, काढा ढाल. आता भ्या कुनाचं? डबा फोडतो, वालूरचं निशाण लावू."

मी ती फळी आणून त्याच्यापुढं उलटी केली. चुना खरवडला, पाणी मारलं. पण चुन्यानं रंग खाऊन टाकले होते. पांढुरक्या फळीवर पायऱ्यांचं गोल कुठं कुठं दिसत होतं, ओल्या भिंतीतून जुनी रेघ दिसावी तसं. सटवाजी बराच वेळ त्या गोलावरून बोट फिरवत राहिला.

"उजळावर उजळ केलंत की मास्तर," तो म्हणाला. आणि एकाएकी हसायला लागला. "पर भ्यालेल्या मानसानं बी हात कसा साफ मारलाय बघा. ठेवा, पाट करा. ढाल गेली तरी कापड हाय. हिरवा हाय."

तेवढ्यात चावडीवरची चारपाच माणसं आली. उद्या सकाळी गावात तिरंगा चढवायचाय. केशरी रंगाला वाळलेली पळसफुलं घरोघर होती. पण हिरवा सेलूच्या बाजारात औषधाला उरला नव्हता. सगळ्याच गावांना एकाच दिवशी तो पाहिजे होता. "रंगारी, तुमच्याजवळ एक डबा हाय म्हनं."

सटवाजी माझ्याकडे बघायला लागला. नऊ वर्षं त्यानं तो डबा राखला होता. गिऱ्हाइकं घालवली, बायकोच्या लुगड्याला लावला नाही. आलेल्यांतल्या एकाला दया आली असावी. तो म्हणाला, "मधल्या पांढऱ्यावर चाक काढायचंय, तिथं आपली बारव काढा. इथं कोन बघतंय?"

"न्हाई," सटवाजी म्हणाला. "दुसऱ्याच्या निशाणात आपला हात घालायचा न्हाई. येकदा कुलच्याला काठ लावून बसलो." मग कमरेची किल्ली काढली. "कापड किती हाय?"

दुपारभर तो रांजणापाशी होता. झेंड्याचा पट्टा निघाला आणि रांजणात अजून गडद पाणी उरलं. ते तो ओतून देणार, तेवढ्यात ही आपलं विटलेलं लुगडं घेऊन धावत आली. "रंग फेकू नका भाऊ, पाप लागंल." त्यानं ते लुगडं बुडवलं. वालूरच्या निशाणासाठी राखलेल्या हिरव्यातलं गावाच्या वाट्याला आलं ते तेवढंच.

सकाळी तिरंगा चढला. लोक जयजयकार करत होते आणि सटवाजी गर्दीतून मागं मागं चालत होता. शंभर पावलं झाल्यावर मोठ्यानं ओरडला, "गडद, उजळ, गडद! ज्यानं केलाय त्याला कळतंय, मास्तर!" तो आनंद खोटा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

चौथ्या दिवशी तो नांदेडला लेकीकडे निघाला. डबे संपले होते, डोळे अधू व्हायला लागले होते, लेकीचे निरोपावर निरोप येत होते. गाडीत बायको पुढं तोंड करून बसली, हा मागं. पाय खाली सोडून, चावडीकडे बघत. हात अजून कोपरापर्यंत हिरवे. गाडी हलली तसे त्याचे ओठ हलू लागले. बैलांची पावलं मोजत असणार. वेशीपाशी त्यानं एक हिरवा हात वर केला. झेंडा दिसतोय असं मला सांगत होता, की निरोप घेत होता, मला कळलं नाही. पुन्हा तो वालूरला आला नाही.

तर आमच्या वऱ्हाडाची मोटार. ती गावाबाहेर निघाली आणि मी हार घेऊन "अहो, अहो" असं माझ्या आवाजात म्हणत राहिलो. तो मलाही नीट ऐकू आला नाही. तेवढ्यात माझ्या शेजारून ही धावत रस्त्याच्या मधोमध गेली. कामाच्या धांदलीत तिनं तेच जुनं हिरवं लुगडं नेसलं होतं. हातात नुकती कल्हई केलेली पांढरीशुभ्र परात. ती परात तिनं छातीपुढं धरून अशी हलवली आणि अशी हाक मारली, की बिराजीची मेंढरंसुद्धा थांबली. मोटार थांबली. वळली. व्याही उतरून मला म्हणाले, "बोर्ड काही दिसला नाही बुवा. मागं वळून बघितलं तर हिरव्यावर काहीतरी पांढरं गोल दिसलं. म्हटलं, गाव हेच असणार."

संध्याकाळी वऱ्हाड वाटेला लागल्यावर मी लिंबाखाली उभा राहून फलक उतरवत होतो. तोच तो पाट. एका अंगाला माझं 'सुस्वागतम्', दुसऱ्या अंगाला चुन्यानं खाल्लेली वालूरची ढाल. ही डोळे पुसत आली, पाट माझ्या हातातून घेतला आणि उलटा करून लांब धरून बघितला.

"ऱ्हाऊ द्या, उतरवू नका," ती म्हणाली. "नुसता फिरवून टांगा. रंगारीभाऊंचं पुसलेलं बी तुमच्या ताज्यापेक्षा लांबून दिसतंय."